चोरीला गेलेल्या दोन पिशव्या

कुरोसावा म्हटले की आपल्या समीक्षेत प्रथम येतो तो 'राशोमोन' (१९५०), आणि त्यामागोमाग सत्याच्या सापेक्षतेची सरावाची चर्चा. त्याच्या आदल्या वर्षीचा 'नोरा इनू', म्हणजे 'भटका कुत्रा', मला अधिक अवघड वाटतो. काय घडले याविषयी तिथे संशयच नाही.

युद्धावरून परतलेला मुराकामी टोकियोच्या पोलीस खात्यात लागतो. ऐन उन्हाळ्यात, खच्चून भरलेल्या बसमध्ये त्याचे सात गोळ्यांचे पिस्तूल चोरीला जाते आणि हातोहाती युसा नावाच्या तरुणाकडे पोचते. युसा त्याने लूट करतो, पुढे खूनही. तोही परतलेला सैनिकच. घरी येताना त्याची पिशवी चोरीला गेली होती. मुराकामीचीही गेली होती.

पिस्तुलाच्या शोधात मुराकामी जुने सैनिकी कपडे घालून काळ्या बाजारात भटकत राहतो. हा जवळजवळ निःशब्द भाग लांबला आहे, असे मला वाटत नाही. ती दृश्ये इशिरो होंडा या सहायकाने खऱ्या बाजारात टिपली; तोही सैन्यातूनच परतलेला. पोलिसाने घेतलेले हे सोंग वस्तुतः सोंग नाही. युसा जिथे उभा होता, तिथेच तो काही दिवस उभा राहतो.

'परिस्थिती माणसाला घडवते' हे आपल्या वाङ्मयीन वादांतले लाडके विधान. कुरोसावा ते खोडत नाही. दोघांना एकच परिस्थिती देऊन ते अपुरे ठरवतो. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेल्याला हा पेच परका नाही. एका कारखान्यात कामगाराच्या डब्यात पितळेचे तुकडे सापडले, त्या चौकशीत मी लेखनिक होतो. साक्षीला शेजारच्या यंत्रावरचा, त्याच्याच गावचा, तेवढाच कर्जबाजारी सोबती. तो म्हणाला, "मी नाही घेतलं, एवढं सांगतो साहेब. का नाही घेतलं, ते मला सांगता यायचं नाही." इतिवृत्तात हे आले नाही, त्यासाठी रकानाच नव्हता.

अखेरच्या झटापटीत दोघे चिखलाने इतके माखतात की कोण पोलीस, कोण खुनी हे क्षणभर ओळखू येत नाही. अनुभवी सातो नंतर मुराकामीला सांगतो, युसाला तू विसरशील. शिमुराच्या तोंडी ते शहाणपण शोभते, पण चित्रपट त्याच्या बाजूने नाही. बेड्या पडलेला युसा गवतात धापा टाकत असतो, जवळून मुले गात जातात, आणि तो ओरडून रडू लागतो. त्या रडण्याला कुरोसावा एकही शब्द देत नाही.