पुढच्या गाडीची मागची चाकं

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण लवकरच लर्नर्स परमिट काढतील. म्हणून आज गाडीबद्दल थोडं बोलू या.

'चोर' हा शब्द तुम्हाला माहीत आहे. चोर गुपचूप येतो, आपण झोपलेले असताना किंवा घरी नसताना. पण मालक गाडीत बसलेला असताना, त्याला धमकावून गाडी नेली तर? मराठीत याला 'हिसकावणे' म्हणतात, म्हणजे जबरदस्तीने ओढून घेणे. 'कारजॅकिंग' हा शब्दही फार जुना नाही. तो १९९१ मध्ये डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्राने रूढ केला.

मी मेरीलँडमध्ये राहतो. इथेच सॅवेज नावाचं छोटं गाव आहे. ८ सप्टेंबर १९९२ च्या सकाळी पामेला बासू तिथून आपल्या छोट्या मुलीला प्रीस्कूलला घेऊन निघाल्या होत्या. त्या मूळच्या भारतातल्या, रसायनशास्त्रज्ञ होत्या. स्टॉप साइनजवळ दोघांनी त्यांना गाडीबाहेर ओढलं. लेक आतच होती. तिच्यासाठी धडपडताना त्यांचा हात सीटबेल्टमध्ये अडकला, गाडी सुटली आणि त्यांचा जीव गेला. मुलगी मात्र सुखरूप राहिली. सगळा देश हळहळला. पुढच्याच महिन्यात कारजॅकिंग हा फेडरल गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

समोरच्याच्या हातात बंदूक असेल, तर पोलीस काय सांगतात? किल्ली द्या आणि लांब जा. गाडीचा विमा असतो. आणि मागे धाकटं भावंड असेल, तर आधी मोठ्याने ओरडून सांगा, "आत बाळ आहे!"

पण कधी कधी निसटायला जागा असते. माझं तसंच झालं.

नोव्हेंबर महिना होता, रात्रीचे नऊ वाजले असतील. बाल्टिमोरमध्ये एका सिग्नलला मी थांबलो होतो. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील, एवढं अंतर मी नेहमी ठेवतो. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या काकांनी ती सवय लावली. (पुण्यात एवढी जागा सोडली, तर दोन स्कूटर आणि एक रिक्षा मध्ये घुसतील!) डावीकडच्या आरशात एक माणूस दिसला. तो फुटपाथ सोडून गाड्यांच्या मधून, वाकून येत होता. मला ते बरं वाटलं नाही. मी गिअर 'डी'मध्येच ठेवला.

त्याने माझ्या दाराचं हँडल खेचलं. दार लॉक होतं. मग तो काचेवर काहीतरी जड आपटायला लागला. उजवी लेन मोकळी होती. मी स्टिअरिंग वळवलं आणि उजवीकडे निघालो.

मी थेट घरी गेलो नाही. कुणी मागे येत असेल, तर त्याला घर कशाला दाखवायचं? भरपूर उजेड असलेल्या एका गॅस स्टेशनवर थांबून ९११ ला फोन लावला. हात थरथर कापत होते. बाई इंग्रजीत विचारत होत्या आणि मी "हो, हो" म्हणत होतो. मराठी शाळेत शिकलेला माणूस घाबरतोही मराठीतच!

पोलीस आले. त्यांनी विचारलं, तो माणूस नंतर कुठल्या दिशेने गेला? मला सांगता आलं नाही. मी पुढे बघत होतो.