पोटावरचा हात

माझी मुलगी जन्मली रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी. ही वेळ दवाखान्याच्या कागदावर आहे. त्यानंतरचे तीन तास मात्र कुठल्याच कागदावर नाहीत. म्हणून ते मी लिहून ठेवते आहे.

माझं माहेर नागपूरचं, सासर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, असंच ठरलं होतं. पण नवव्या महिन्याच्या तोंडावर रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी पाच तासांचा प्रवास नको म्हणून सांगितलं आणि 2019 च्या डिसेंबरात मी रायपुरातल्याच एका खासगी दवाखान्यात दाखल झाले. आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघणार होती.

प्रसूती नीट झाली. डॉक्टरीणबाईंचा हात हलका होता, बोलणं धीराचं होतं. वार पडली, टाके घालून झाले, आणि मला सहा खाटांच्या खोलीत आणून निजवलं. रात्री नातेवाइकांना आत थांबू देत नव्हते, त्यामुळे सासूबाई खाली बाकावर बसून होत्या. शेजारच्या खाटेवरच्या मुलीजवळ तिची आई तेवढी राहिली होती. त्या माउलीने बाहेर जायला साफ नकार दिला होता.

बाळाला पुसून आणते म्हणून नेलं आणि बऱ्याच वेळाने परत आणलं, ते वाटीचमच्याने पावडरचं दूध पाजूनच. मी म्हटलं, मला द्यायचं होतं ना! सिस्टर म्हणाली, "अभी आपको दूध कहाँ आया होगा, भाभी?" मला आलेला होता तो चीक, पिवळसर, थेंबभर. पहिल्या तासात बाळाच्या तोंडी जायला हवा होता तोच. दवाखान्यात अशा पावडरीचा प्रचार करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे, हे मला फार नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळलं, की माझ्या मुलीचा पहिला घास मला न विचारता कुणीतरी भरवला.

मग लघवीला जायचं होतं. घंटा वाजवली. "आती हूँ" ऐकू आलं, पण कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी. तशीच पडून राहिले. डिसेंबरची थंडी होती, आणि थोड्या वेळाने पांघरुणाखाली ऊब पसरू लागली. मला बरं वाटलं. किती वेळ बरं वाटत होतं कोण जाणे. ती ऊब रक्ताची होती.

ओळखलं ते शेजारच्या खाटेजवळच्या आईने. आरंगकडची, शेतावर राबणारी बाई. पाणी प्यायला उठली, माझ्याकडे पाहून थबकली. "नोनी, तोर मुँह कइसे पंडरा दिखत हे?" असं म्हणत तिने पांघरूण उचललं, माझ्या बेंबीखाली हात ठेवून दाबून पाहिलं, आणि तशीच अनवाणी व्हरांड्यात जाऊन ओरडू लागली. त्या तीन तासांत माझ्या पोटाला लागलेला तो पहिला हात.

पुढचं सगळं धावपळीचं. दिवे लागले, डॉक्टरीणबाई आल्या, पोट चोळू लागल्या. नळी घातली तशी लघवीची पिशवी भरत गेली. इंजेक्शनं, सलाइन, पहाटे रक्ताची एक बाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला समजावलं. वार पडल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळतं, आणि त्या आवळण्यानेच आतल्या उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. मूत्राशय तुडुंब भरलेलं असलं तर गर्भाशयाला नीट आवळता येत नाही, ते सैल राहतं आणि रक्त वाहत राहतं. म्हणजे माझा जीव अडला होता तो एका भांड्यापाशी, वेळेवर न मिळालेल्या बेडपॅनपाशी.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पहिले चोवीस तास बाळंतिणीचा रक्तस्राव, गर्भाशयाचा घट्टपणा, ताप, नाडी नियमित पाहायची, रक्तदाब मोजायचा, आणि सहा तासांच्या आत लघवी झाल्याची नोंद करायची. माझ्या फाइलमध्ये असा तक्ता होता. त्याचे रकाने कोरे होते. रक्तदाबासाठीच ज्या बाईचा प्रवास थांबवला, तिचा रक्तदाबही कुणी मोजला नव्हता.

सिस्टरवर मी रागावले होते. सकाळी तिला पाहिलं तर डोळे सुजलेले. रात्री दोन मजले तिच्या एकटीवर होते, आणि वरच्या मजल्यावर आणखी एक बाई अडली होती. एकाच पोरीला दोन मजल्यांवर धावायला लावायचं, हे कुणीतरी हिशेब करूनच ठरवलेलं असतं. तो हिशेब करणाऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर बाळाच्या लसींच्या तारखा होत्या. माझ्यासाठी लोहाच्या गोळ्या. कधी धोका ओळखायचा, हे कुणी सांगितलं नाही.

ते सांगितलं मागच्या वस्तीतल्या मितानीनने. छत्तीसगडात मितान म्हणजे जिवाभावाचा जोडीदार. गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देणारी मितानीन योजना इथे 2002 साली सुरू झाली, आणि पुढे देशभर आलेल्या आशा कार्यकर्त्यांना तिचा आधार मिळाला. आमच्या कामवाल्या बाईकडून कळल्यावर ती मितानीन तिसऱ्या दिवशी आपणहून आली. बाळाला तोललं, मग वही उघडून माझ्याकडे वळली. ताप? घाण वास? तासाभरात घडी भिजते का? डोकं फार दुखतं का, डोळ्यांपुढे धूसर होतं का? यातलं काहीही झालं तर रात्र असो की दिवस, दवाखाना गाठायचा. घरात डिंकाचे लाडू होते, शेक होता, दूध पुरतं का ही चौकशी दिवसातून दहादा होती. रक्ताबद्दल मात्र कुणी विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं.

2018 ते 2020 या काळातली सरकारी आकडेवारी पुढे मी वाचली. एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात 33 माता दगावल्या, छत्तीसगडात 137. माहेर आणि सासर यांच्यामध्ये पाच तासांचा रेल्वेरस्ता आहे, आणि हा एवढा फरक. मी दवाखान्याला पत्र लिहिलं. मागणी एकच केली: रात्रीचा तक्ता भरा आणि तो बाळंतिणीच्या माणसांना दाखवा. उत्तर आजवर आलेलं नाही.

दोन वर्षांनी धाकट्या नणंदेचं बाळंतपण झालं. दवाखाना निवडतानाच मी अट घातली, की रात्री मी तिच्या खाटेजवळ बसणार. सगळे बाळाभोवती जमले होते. मी तिला लघवी झाली का विचारलं, नर्सला बोलावून रक्तदाब घ्यायला लावला. मग नर्सने मला दाखवलं तसा नणंदेच्या बेंबीपाशी हात ठेवला. हाताला नारळासारखं घट्ट, गोल लागलं.

"वहिनी, काय बघताय?" तिने विचारलं.

मी घड्याळ पाहिलं, आणि वहीत वेळ लिहिली.