दुखतं कुठं, ते आधी

एमआरआयमध्ये जे दिसतं तेच दुखत असतं, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. आज माझं ते मत राहिलेलं नाही.

उजव्या खुब्याचं लॅब्रम फाटलंय, असं माझ्या अहवालात आलं आणि मी शस्त्रक्रियेच्या खर्चाची जुळवाजुळव सुरू केली. लॅब्रम म्हणजे खुब्याच्या वाटीला असलेली कूर्चेची कड. फाटली तर शिवायलाच हवी, असंच कुणालाही वाटेल. डॉक्टरांनी मात्र अहवाल बाजूला ठेवला. मला उताणं झोपवून गुडघा दुमडला आणि पाय आत-बाहेर फिरवून पाहिला. जांघेत काहीच दुखलं नाही. मग कुशीवर वळवून मांडीच्या बाहेरच्या अंगाला लागणारं हाड अंगठ्यानं दाबलं, तशी मी कळवळले. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. माझं दुखणं बाहेरचं होतं, कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरांचं.

मग ते फाटलेलं लॅब्रम? 2012 साली अमेरिकेत खुबा अजिबात न दुखणाऱ्या 45 जणांचे एमआरआय तपासले, तर 69 टक्के लोकांचं लॅब्रम फाटलेलं निघालं! हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. कंडरांच्या दुखण्यावर 2018 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात, योग्य सल्ला आणि व्यायाम मिळालेल्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला होता. मीही व्यायामच निवडला. एका पायावर भार देऊन उभं राहणं सोडलं, दुखऱ्या कुशीवर झोपणं सोडलं. आराम हळूहळू पडला, पण पडला.

म्हणून स्कॅन नकोच, असं मी कुणालाही सांगणार नाही. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो. एमआरआयच ते पकडतो. भरपूर स्टेरॉइड घ्यावी लागलेले, दारूचं व्यसन असलेले, आपल्या विदर्भातले सिकलसेलचे रुग्ण, यांची जांघ दुखू लागली तर मलम चोळत महिने घालवू नयेत, हे मी कळकळीनं सांगते. गोळा खचण्याआधी हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करता येतो. खचल्यावर बऱ्याचदा सांधाच बदलावा लागतो.

झिजलेल्या खुब्यातही नुसत्या चित्रावर निर्णय होत नाही. झीज साध्या एक्स-रेमध्ये दिसते, पण सांधा कधी बदलायचा हे झोप आणि चालणं किती बिघडलंय त्यावर ठरतं.

हल्ली मैत्रिणी आपापले अहवाल मला फोनवर पाठवतात. मी ते उघडण्याआधी विचारते, नेमकं दुखतं कुठं? जांघेत म्हणाली, की तिला लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवते.