वेंगुर्ल्याची नगरपरिषद

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून निघालं की सांगोला, मिरज, कोल्हापूर मागे पडतं. आंबोलीचा घाट उतरला की हवा दमट होते आणि सावंतवाडीहून रस्ता काजूच्या बागांमधून वेंगुर्ल्याला जातो. मांडवीची खाडी, दीपगृह, सतराव्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष, मासळीबाजार हे सगळं पाहण्याजोगं आहेच. पण सोलापूरच्या माणसानं एवढी वाट तुडवून इथं आधी पाहावा तो कॅम्प भागातला कचरा डेपो. ज्या जागी पूर्वी गावाचा कचरा नुसता टाकला जायचा, तिथं आज दुर्गंधी नाही. नगरपरिषदेनं तिला स्वच्छ भारत पर्यटन स्थळ असं नाव दिलं आणि शाळांच्या सहली तिथं येऊ लागल्या. 2015 च्या सुमारास रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना हे काम सुरू झालं. ओला, सुका, प्लास्टिक आणि काच-धातू असा चार वाटण्यांचा कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो आणि डेपोवर त्याची आणखी बारीक विभागणी होते. ओल्याचा बायोगॅस होतो आणि त्यातून तयार होणाऱ्या विजेवर तिथली यंत्रं चालतात. प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात जातो, पालापाचोळ्याचा कांडी कोळसा होतो.

माझं म्हणणं असं, की हे यश यंत्रांचं कमी आणि गावाच्या आकाराचं जास्त आहे. 2011 च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची लोकसंख्या 12 हजारांच्या थोडी वर होती, सोलापूरची साडेनऊ लाखांच्या. बारा हजारांच्या गावात घंटागाडीवरचा माणूस कुणाच्या दारात उभा आहे, हे त्यालाही ठाऊक असतं आणि दारातल्या बाईलाही. एकत्र मिसळलेला कचरा घ्यायचा नाही, हा नियम तिथं चालला तो त्या ओळखीमुळेच. नॉर्वेनं हे फार आधी ओळखलं. तिथं 1837 च्या कायद्यानं गावोगावी निवडून आलेल्या पालिका आल्या. आजही उत्सिरा हे जेमतेम 200 माणसांचं बेट स्वतःची पालिका चालवतं. तिथल्या पालिकांकडे प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार, म्हाताऱ्यांची देखभाल असा मोठा कारभार असतो. आपल्याकडे 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत 18 विषय लिहिले खरे, पण त्यांपैकी काय आणि किती सोपवायचं हे राज्याच्या मर्जीवर राहिलं.

यावर कुणी म्हणेल, नॉर्वे श्रीमंत आहे. आहेच. पण तिथल्या छोट्या पालिकाही केवळ स्वतःच्या करावर जगत नाहीत, सरकार त्यांना भर घालतं. म्हणजे अनुदान घेणं हे काही लहान गावाचं व्यंग नव्हे, प्रश्न त्या पैशाचा हिशेब कोण मागतो एवढाच. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. एक चांगला मुख्याधिकारी आला म्हणून हे झालं, तो बदलून गेला की संपलं, असं सर्रास बोललं जातं. अधिकाऱ्याचा वाटा नाकारायचं कारण नाही. पण घराघरांत चार डबे लागले, ते त्याच्या सहीनं लागत नाहीत. ती सवय गावाची आहे आणि ती टिकवायला निवडून आलेला, गावातच राहणारा माणूस लागतो. 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक पालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या, याचं मला म्हणूनच वाईट वाटतं. 1930 मध्ये ज्या सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकला, त्या शहराला तरी हे बोचायला हवं.

अक्कलकोट रोडला वेंगुर्ला होता येणार नाही, हे मान्य. इथं प्लॉट आहेत, घरं नाहीत. मालक राहतो एकीकडे, कामगार दुसरीकडे. तरीही वर्गीकरण इथल्या कारखान्यांना नवं नाही. सुताचे तुकडे, टॉवेलच्या कडांच्या चिंध्या, पुठ्ठे, रिकाम्या कोन हे सगळं वेगवेगळं ठेवलं जातं, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. ज्याला गिऱ्हाईक नाही, त्या मालाचाच प्रश्न उरतो, आणि तो गल्लीच्या मापानं सुटेल. वीस-पंचवीस कारखान्यांची एक गल्ली, तिचा एक मुकादम, आणि दर महिन्याला त्याच्यासमोर बसणारे तिथलेच मालक. त्याला महानगरपालिकेचा ठराव लागेल, एमआयडीसीची संमती लागेल. नवी यंत्रं नंतर आली तरी चालतील.