काळजाचा फोटो

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांचा मोबाइल ही मला त्यांच्या स्टेथॉस्कोपहून नाजूक वस्तू वाटते. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ची सेवा आली आणि गाडीबरोबर डॉक्टरही दारी येऊ लागले. गेल्या वर्षी दादांच्या छातीत कळ उठली, तेव्हा ते आमच्याही दारी आले. गाडीतच ईसीजी निघाला, त्याचा फोटो काढला गेला आणि दादांच्या आधी तो इस्पितळात पोहोचला. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की मिनिटामिनिटाला स्नायू मरत जातो. तिथे ही घाई पुण्याचीच!

पण फोटोच्या कोपऱ्यात दादांचे नाव होते. तिसऱ्या दिवशी तो आमच्या जावईबापूंच्या फोनवर अवतरला. कुठल्या कुठल्या गटांतून फिरत आला, देव जाणे. दादा एवढेच म्हणाले, "काळीज डॉक्टरांना दाखवलं होतं, गावाला नव्हे."

वाटेत कुणी संदेश वाचू नये म्हणून व्हॉट्सॲपने २०१६ साली कुलपे घातली, हे खरे. पण फोटो पुढे ढकलणाऱ्या अंगठ्याला कुलूप कुठले? फोटो फोनमध्ये न राहता थेट हृदयविभागात जावा, कोणी उघडला याची नोंद राहावी, एवढी सोय आज अशक्य नाही. फक्त ते कुलूप बोटाच्या ठशाने उघडणारे नको. गाडीतल्या डॉक्टरांच्या हातांत रबरी मोजे असतात, आणि दादांपाशी वेळ थोडा होता.