न ऐकू येणारा आवाज

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्रात ह्यांना नोकरी लागली, तेव्हा माझी मावशी हसून म्हणाली होती, "गावाचं नावच उरला! महिनाअखेर चार पैसे नक्की उरतील." पण काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात उरला तो फक्त नापास झालेला माल.

हे ॲल्युमिनियमच्या एका लहान फाउंड्रीत सुपरवायझर होते. तिथे पंपांची झाकणे ओतली जात. वरून चकचकीत, पण लेथवर चढवली की आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे! ह्यांनी सारा दोष भट्टीवरच्या वयस्कर कारागिरावर ठेवला. त्याची आठवड्याची मजुरी कापायचे ठरले.

रात्री जेवताना हे चिडूनच सांगत होते. आमची लेक तेव्हा रायपूरच्या एनआयटीत धातुशास्त्र शिकत होती. ही संस्था १९५६ साली मुळी खाणकाम आणि धातुशास्त्रासाठीच सुरू झालेली. तिने विचारले, "बाबा, भंगार कुठे ठेवता?"

"शेडमध्ये. जरा गळते ती."

"मग दोष काकांचा नाही, पाण्याचा आहे. ओल्या भंगारातल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये विरघळतो. धातू थिजताना त्याला जागा उरत नाही. मग तो बुडबुडे होऊन आतच अडकतो."

"मग तो काढायचा कसा?" मी विचारले.

"आई, माझ्या वेळी तुझी सोनोग्राफी झाली होती ना? तसल्याच न ऐकू येणाऱ्या आवाजाने! फक्त सोनोग्राफीच्या लहरी सेकंदाला लाखो वेळा कंप पावतात, इथे साधारण वीस हजार वेळा. कंप पावणारी दांडी रसात बुडवली की असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. हायड्रोजन त्यांत शिरतो आणि वर येऊन निघून जातो. धातूचे कणही बारीक होतात, ओतीव माल मजबूत होतो. रशियातल्या गेओर्गी एस्किन यांनी ह्यावर कितीतरी वर्षे काम केले."

"मग उरल्यातल्या पोलादाच्या भट्ट्यांत हे का नाही करत?"

"ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पोलादाला १५०० च्या आसपास लागतात. तिथे दांडीच टिकणे कठीण."

असले यंत्र त्या फाउंड्रीला परवडणारे नव्हते. पण शेडवर नवे पत्रे घालणे, भंगार आणि पळ्या तापवून कोरड्या करणे, एवढे तर जमण्यासारखे होते. तेवढ्याने छिद्रे बरीच कमी झाली.

दुसऱ्याच दिवशी हे कारागिराची माफी मागायला गेले. मजुरी कापली गेली नाही. परत आल्यावर बराच वेळ गप्प बसून होते. मग हळूच म्हणाले, "अगं, तो दोनदा म्हणाला होता, 'साहब, छत टपक रही है.' मी ऐकलेच नाही."

तो आवाज तर साध्या कानांना ऐकू येणारा होता.