बदली इंजिन, साडेतीन सीसी

नायट्रो इंजिन संपलंय की नाही, हे ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही. इंजिन थंड असताना फ्लायव्हील अंगठ्यानं फिरवून बघायचं. चांगल्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला आला की अडतो, जोर लावल्याशिवाय पुढं सरकत नाही. भाच्यानं आणलेल्या ट्रकचं फ्लायव्हील एका बोटानं फिरत राहिलं. मी त्याला तिथंच सांगितलं, "बाळा, ह्यात आता काही राहिलं नाही." त्याला पटेना, कारण इंजिन सुरू होत होतं. सुरू व्हायचं, दोन मिनिटं किंचाळायचं आणि तापलं की बंद पडायचं. तापल्यावर बंद पडणं हेच तर लक्षण.

ट्रक म्हणजे रेडिओ कंट्रोलचा, एक अष्टमांश मापाचा मॉन्स्टर ट्रक, कुणीतरी वापरून विकलेला. इंजिन ०.२१ घनइंचाचं, म्हणजे साडेतीन सीसीच्या आसपास. मुठीत मावतं, पण मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेतं, आणि या वर्गातल्या इंजिनांना बनवणारे दोन-अडीच अश्वशक्ती लावतात. आमच्या विहिरीवरचं किर्लोस्कर पाच घोड्यांचं, पंधराशे फेऱ्यांचं. ते जागेवरनं हलवायचं तर चार गडी लागायचे.

कोल्हापूरकडच्या माणसाला इंजिन बदल म्हटलं की आधी ते दुरुस्त करायचंच सुचतं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' त्यावर काढला. इथली ही खोड जाता जात नाही. त्यात मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर काम करणारा. गडमुडशिंगीतनं विमानतळाला वळसा घालून रोज तिकडं जायचं, दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलायचं, आणि घरी साडेसोळा मिलिमीटरच्या पिस्टनपुढं हात टेकायचे, हे मनाला पटेना. इंजिन खोललं आणि लायनर-पिस्टन रुमालात बांधून उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडं नेलं.

मेस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून लायनर उजेडाकडं धरला. आत उभ्या बारीक रेघा होत्या. "माती गेलीया," ते म्हणाले. बरोबर होतं. आमच्याकडं ऊस तुटून गेला की रान मोकळं पडतं आणि पोरं तिथंच गाडी पळवतात. हवेच्या गाळणीचा स्पंज तेलात भिजवून नीट पिळलेला नसला की ती धूळ थेट कार्बोरेटरात जाते, आणि या इंजिनाला धुळीची एक चिमूटही पुरते. पहिल्या मालकानं कुठल्या रानात हे पळवलं असेल ते असेल.

मग त्यांनी बोअर गेज लावला आणि गप्प झाले. पुन्हा लावला. "हे सरळ न्हाईच की रं. वर कमी, खाली जास्त." डिझेल इंजिनाचा लायनर झिजतो तो वरच्या बाजूला, जिथं पिस्टनच्या रिंगा उलटतात तिथं. म्हणजे वर माप जास्त यायला हवं. इथं नेमकं उलटं. मी सांगितलं की याला रिंगाच नाहीत, आणि वरची ही आवळ मुद्दाम दिलेली असते. लायनर पितळेचा, आतून क्रोमचा थर, पिस्टन जास्त सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचा. चालू इंजिनात वरचा भाग सगळ्यात जास्त तापतो, पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतं, आणि तेव्हा कुठं बोअर सरळ होतो. थंड असताना पिस्टन अडतो तो म्हणूनच. आमच्या लायनरात ही आवळ थोडीशीच उरली होती. थंडपणी दाब कसाबसा धरायचा, आणि फुगला की सगळा दाब खाली निसटायचा.

मेस्त्रींना हे इतकं आवडलं की दुरुस्तीचा विषय बाजूला राहिला आणि चहा आला. शेवटी त्यांनी हिशेब मांडला: रिबोअर करायचा तर क्रोम जाणार, क्रोम पुन्हा चढवला तरी मोठ्या मापाचा पिस्टन मिळणार नाही, आणि तो बनवायचा तर मटेरियल कुठलं, ते समजायलाच महिना जाईल. "नवं घे," म्हणाले. ज्यांनी आयुष्यभर कुणाला नवं घ्यायला सांगितलं नाही, त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला मौज वाटली.

नवं घ्यायचं तर कुठलं? भाच्याची नजर मोठ्या इंजिनावर होती. ०.२८ घनइंचाचं, म्हणजे ४.६ सीसीचं. ताकद जास्त, चाकं उचलून पळेल. माझं म्हणणं वेगळं. ट्रकचा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट हे सगळं साडेतीन सीसीच्या हिशेबानं बनलेलं. तिथं जास्त ताकद घातली की इंजिन वाचतं आणि पुढचा दुसराच गिअर खातं. मग तो गिअर मागवा, त्याला लागून तिसरं काही तुटेल. टाकी तीच, तर इंधनही लवकर संपणार. आणि आमच्या ढेकळांच्या रानात पूर्ण ताकद लावायची वेळ येते तरी कितीदा?

आकार ठरला, तरी निवड तिथं संपत नाही. माउंटच्या भोकांचं अंतर, क्रँकशाफ्टची उंची, शाफ्टच्या पुढच्या टोकाची लांबी आणि त्यावरचे आटे, एक्झॉस्ट बाजूनं की मागनं, ओढायची दोरी मागच्या झाकणाला बसते की नाही, कार्बोरेटरचा दांडा कुठल्या बाजूला येतो. यातलं एक चुकलं तरी इंजिन टेबलावर शोभेला राहतं. मी जुन्या इंजिनाचं ड्रॉइंग काढलं, आम्ही जॉबचं काढतो तसं, सगळ्या मापांसकट, आणि प्रत्येक इंजिनाच्या नकाशावर ते ठेवून बघितलं. भाचा म्हणाला, "मामा, एवढं कोण बघतंय?" पण शाफ्टच्या लांबीवरनं दोन इंजिनं तिथंच बाद झाली.

उरली एक तैवानी आणि एक जपानी. तैवानी स्वस्त, जपानी ओएसचं. ही कंपनी ओसाकाची, शिगेओ ओगावा यांनी १९३६ साली काढलेली, आणि आजही छोट्या इंजिनांत तिचा शब्द चालतो. मी जपानीकडं झुकलो, ते नावासाठी नव्हे. त्याचे पिस्टन-लायनर जोडीनं सुटे मिळतात, म्हणजे पुढच्या वेळी अख्खं इंजिन बदलावं लागणार नाही. बेअरिंगचीही चौकशी केली. पुढचं ७ बाय १९ बाय ६, म्हणजे साधं ६०७, कोल्हापुरात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. फक्त रबर सीलचं घ्यायचं, कारण क्रँककेसचा दाब तेच अडवतं. मागचं मात्र १४ बाय २५.४. हे २५.४ म्हणजे पुरा एक इंच, मिलिमीटरच्या मापात घुसलेला. काउंटरवरच्या पोरानं तीनदा विचारलं, "२५ का २६?" ते बाहेरनंच मागवावं लागतं, म्हणून इंजिनाबरोबरच एक जास्तीचं मागवलं.

सगळ्यात अवघड प्रश्न इंधनाचा. हे पेट्रोलवर चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल, असं मिश्रण लागतं. तेलात एरंडेलही असतं; आजी पोट साफ करायला द्यायची तेच, फक्त शुद्ध केलेलं. बाकीचे दोन घटक हा खरा ताप. मिथेनॉल विषारी, महाराष्ट्रात परवान्याशिवाय सहज मिळत नाही, आणि ज्वालाग्राही म्हणून विमानानं पाठवणंही अवघड. दिवसाउजेडी त्याची ज्योतही नीट दिसत नाही, म्हणून माझ्या घरात ते भाच्याच्या हाती देत नाही. तयार इंधनाचा डबा मिळतो तो छंदाच्या मोजक्या दुकानांतनं, रस्त्यानं येतो, आणि त्यात नायट्रो किती हे विकणाऱ्याकडं जे असेल ते. तेव्हा कमी नायट्रोवरही सुरळीत चालेल असंच इंजिन हवं होतं. जपानीकडं कल जाण्याचं हे दुसरं कारण.

कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा बॅटरी आणि ब्रशलेस मोटर बसवा. खरं आहे. ते वेगानं पळतं, शेजारी तक्रार करत नाहीत आणि मिथेनॉलची कटकट नाही. या छंदातले बरेच जण तिकडंच गेले. मी भाच्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "मग ऐकायचं काय?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं तर मला नकोही होतं.

इंजिन आलं. पहिल्यांदा फ्लायव्हील फिरवलं तर वरच्या टोकाला इतकं घट्ट की दोरी ओढण्याचा प्रश्नच नव्हता. तसंच ओढत राहिलं तर दोरी तुटते, नाहीतर कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. बायकोचा हेअर ड्रायर लावून हेड तापवलं, पितळ फुगलं आणि पिस्टन मोकळा झाला. ग्लो प्लगला दीड व्होल्ट दिला. सुरू झाल्यावर तो काढून टाकायचा. प्लॅटिनमची तार मिथेनॉलमुळं स्वतःच तापत राहते, हे बघून भाचा गप्प बसला. सुरुवातीच्या टाक्या जाड मिश्रणावर, अर्ध्या थ्रॉटलवर चालवल्या. हेडचं तापमान शंभरच्या आसपास गेलं की थांबायचं, पिस्टन खाली ठेवून इंजिन थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. नंतर कार्बोरेटरची सुई थोडी थोडी आवळत नेली. पावसाळी हवेत ती पुन्हा जुळवावी लागली. इथली हवा कधी एक राहत नाही.

जुनं इंजिन मेस्त्रींनी ठेवून घेतलं आहे. लायनरची वरची कड चहूबाजूंनी सारखी दाबून आवळ परत आणता येते, असं मी त्यांना सांगितलं होतं. परदेशात हौशी लोक हे करतात. ते आता त्यासाठी निमुळता कॉलेट बनवताहेत. परवा फोनवर विचारत होते, टेपर किती मायक्रॉनचा ठेवायचा. नव्या इंजिनाचा लायनर काढून मोजू का, असंही म्हणाले. मी अजून हो म्हणालेलो नाही.